वैरागची यादी

लाडांनी पिशवीतून कागद काढून काउंटरवर ठेवले आणि त्यातला वरचाच कागद माझ्या नवऱ्याच्या अक्षरातला होता.

सत्त्याऐंशी सालचा फेब्रुवारी, सोमवारची दुपार. बार्शीत भगवंताच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर क्षीरसागर काकांचं कॅसेटचं दुकान होतं, तिथे मी कामाला होते. त्या काळी लोक आवडत्या गाण्यांची यादी आणून द्यायचे आणि आम्ही ती गाणी कोऱ्या कॅसेटमध्ये भरून द्यायचो. दुकानाच्या मागच्या बाजूला काच लावलेली एक खोली होती. तिथे दोन डेक आणि एक स्टूल. भरायचं काम माझं. लाडांचं वैरागच्या स्टँडवर पानाचं दुकान होतं. तिथल्या गिऱ्हाइकांच्या याद्या ते सोमवारी आम्हाला आणून द्यायचे आणि गुरुवारी भरलेल्या कॅसेटी घेऊन जायचे. वैरागात मात्र सांगायचे, "पुण्याहून भरून आणतो."

"ताई, या तीन," लाड म्हणाले. "ही वरची जरा अवघड आहे बघा. नाव नाही, गाव नाही."

मी कागद उचलला. नकाशावर गटनंबर टाकावेत तसं ताठ, सुटं अक्षर. एकच्या आकड्याखाली छोटी आडवी रेघ. आमचे हे मोजणी खात्यात होते. गुरुवार ते शनिवार वैरागच्या बाजूला मोजणीचं काम असायचं, म्हणून तिथेच एक खोली घेऊन राहायचे. हे अक्षर मी नऊ वर्षं किराणा मालाच्या यादीवर पाहत आले होते.

१. झोपाळ्याचं. शेवटी ती हसते ते.
२. दुपारी रेडिओवर लागायचं, आधी नुसती बासरी.
३. पाठवणीचं, बँडवाले वाजवतात ते, पण बाईच्या आवाजातलं.
४. पापड लाटताना म्हणतात, 'गं बाई' सारखं येतं ते.

अशी अकरा गाणी. एकाही गाण्यापुढे गायकाचं नाव नाही, सिनेमाचं नाही, साल नाही.

क्षीरसागर काकांनी माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि चष्मा वर सरकवला. "बायकी यादी," ते म्हणाले. "अक्षर पुरुषाचं आहे, पण यादी बाईची. बाईनं सांगितलंय आणि बाप्यानं लिहून घेतलंय."

काकांचं या बाबतीत कधी चुकत नसे. सात वर्षं ते काउंटरवर बसून माणसं बघत होते. पुरुष संध्याकाळी यायचे, ऑफिस सुटल्यावर, एकेकटे. गायकाचं नाव घ्यायचे, भाग एक आहे, भाग दोन आहे, तीन कधी येणार विचारायचे. न ऐकताच घ्यायचे, वेष्टन उलटसुलट करून 'ओरिजनल आहे ना' एवढं बघायचे. बायका दुपारी यायच्या, दोघी-तिघी मिळून. काउंटरला टेकून एक ओळ गुणगुणायच्या, दुसरी आठवायची नाही म्हणून मैत्रिणीला कोपरानं ढोसायच्या, "एकदा लावून दाखवता का?" म्हणायच्या. अर्ध्याअधिक नुसतं ऐकून जायच्या. घेतली तरी कशासाठी तरी, कुणासाठी तरी. बारशाला, हळदीला, सासूच्या भजनी मंडळाला. म्हणून काकांनी दुकानाची उजवी भिंत गायकांच्या नावांनी लावली होती आणि डावी 'कशाला हवं' त्या हिशेबानं. पुरुष कधी डावीकडे वळायचे नाहीत.

आणि आमच्या घरी तर पुरता उजव्या भिंतीचा माणूस. यांच्याकडे शास्त्रीय गाण्याच्या दोनशे तेरा रेकॉर्डी होत्या. प्रत्येकीला नंबर, नंबरांची वही, वहीत राग, ताल, तबल्याला कोण, पेटीला कोण. रेकॉर्ड पुसायला जांभळ्या मखमलीचा एक तुकडा होता. तो यांच्याशिवाय कुणी हातात घ्यायचा नाही. हे रेकॉर्ड पुसत असताना मी कितीदा दारात उभी राहिले असेन. इतक्या हलक्या हातानं पुसायचे की मला त्या मखमलीच्या तुकड्याचासुद्धा राग यायचा.

आम्हाला मूलबाळ नव्हतं. दिवसभर घर खायला उठायचं म्हणून तर मी दुकानात जाऊ लागले होते. ते सारं त्या दुपारी एकदम डोक्यात आलं. मूल नाही, आठवड्यातले तीन दिवस नवरा परगावी, आणि हातात यांच्या अक्षरातली बाईची यादी.

मी काचेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि भरायला बसले. अकराच्या अकरा गाणी मला माहीत होती. एकही शोधावं लागलं नाही. तेच जास्त लागलं. ती कोण असेल ती असो, तिला माझीच गाणी आवडत होती. आणि तिच्याजवळ बसून, एकेक विचारत, यांनी लिहून घेतलं होतं. नऊ वर्षांत मला एकदाही विचारलं नव्हतं, तुला कुठलं आवडतं गं?

गुरुवारी लाड कॅसेटी न्यायला आले. मी रद्दीत पॅक करता करता विचारलं, "ही अवघड यादी कुणाची हो?"

"मोजणीवाले कुलथे साहेब म्हणून आहेत. भला माणूस."

माझं आडनाव लाडांना माहीत नव्हतं. सगळे मला कुमुदताईच म्हणायचे.

"त्यांना एवढी आवड?"

"त्यांना कशाला? मिसेससाठी म्हणाले. मिसेसला भारी नाद आहे म्हणे गाण्यांचा."

"पाहिल्यात का तुम्ही मिसेस?"

"न्हाई बा. साहेबच येतात. पण कागद देताना असे लाजतात, नवीन लग्न झाल्यागत."

सुतळीची गाठ माझ्याकडून बसेना. लाडांनीच मारली.

रविवारी सकाळी नेहमीची बैठक भरली. वकील उंबरजे, शाळेतले एक मास्तर आणि हे. रेकॉर्ड लागली, माना डोलल्या, मी चहा घेऊन गेले. वकील मोठ्या आवाजाचे.

"काय वहिनी, कसं चाललंय दुकान? रडकी गाणी खपतात ना जोरात?"

"सगळीच खपतात," मी म्हटलं.

"बायकांचं बरं असतं. राग नको, ताल नको. नाक वाजलं की गाणं चांगलं!"

मास्तर हसले. आणि हेही हसले. सगळ्यांच्या आधी हसले. मी यांच्याकडे बघत राहिले. मनात म्हटलं, वैरागला जिच्याजवळ बसता तिच्यासमोर हसाल का असे?

दुपारी जेवताना विचारलं, "वैरागला करमतं का हो?"

"काम असतं."

"कामानंतर?"

"झोपतो," हे म्हणाले आणि भाताकडे बघत जेवत राहिले.

तीन आठवड्यांनी दुसरी यादी आली. नऊ गाणी, तशीच, नावाविना. आणि सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'जागा उरली तर झोपाळ्याचं पुन्हा.'

पहिली यादी मी सोसली होती. ही ओळ मला सोसवली नाही. 'पुन्हा' या एका शब्दात मला ती दोघं दिसली. कॅसेट संपलीय, ती म्हणतेय, ते एकदा आणखी हवं होतं, आणि हे पेन काढतायत.

दुकानात एक माइक होता. गणपतीत काका त्यावर जाहिराती करायचे. दुपारी काका जेवायला वर गेले तेव्हा मी तो काढून डेकला लावला. दुसऱ्या बाजूची चार गाणी भरून झाली होती, पाचवं चालू होतं. मी कॅसेट थोडी मागे घेतली, पाचव्याच्या सुरुवातीवर आणली आणि बटण दाबलं. आणि बोलले.

"तू कोण आहेस मला माहीत नाही. ही गाणी मी भरते. मी त्यांची बायको. मला मूल नाही, म्हणून तू असशील, तर तेही मी समजून घेईन. पण ही गाणी माझी आहेत. तेवढी घेऊ नकोस."

पुढचं सगळं नीट भरलं. झोपाळ्याचं शेवटी पुन्हा घातलं, जागा उरली होती. कॅसेटवर चिठ्ठी लावली आणि गुरुवारी लाडांच्या हातात दिली.

दिली खरी, पण शुक्रवारी सकाळपासून जिवात जीव नव्हता. लाड यांना कॅसेट संध्याकाळी, कामावरून येताना देणार. मग ती वाजणार. तिचा चेहरा कसा होईल? हे काय म्हणतील? घरी बसून वाट बघणं मला जमेना. काकांना डोकं दुखतंय सांगितलं आणि साडेतीनची वैराग गाडी धरली.

लाडांच्या दुकानाकडे न बघता मी चालत सुटले. मोजणीवाल्यांची खोली विचारत विचारत सापडली. माळवदाचं घर, बाहेरून दगडी जिना आणि वर एकच खोली. खाली ओट्यावर एक म्हातारी शेंगा सोलत होती.

"कुलथे साहेब इथंच राहतात ना?"

"हायत की वर. मघाच आलेत." तिनं मला खालून वर पाहिलं. "गाणं चालू हाय बघ. आलं की पहिलं तेच."

"एकटेच असतात का?"

"मी कशाला वर जातीय बाई? गुडघं ऱ्हाइल्यात व्हय माझं!"

मी जिना चढले. दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. आत पाठवणीचं एक गाणं चालू होतं. आणि त्या गाण्याबरोबर कुणीतरी म्हणत होतं. बारीक, हळुवार आवाज, गायिकेच्या सुरात सूर मिळवून, ती थांबेल तिथे थांबून, ती लाजेल तिथे लाजून.

आत बाई गात होती. मी दाराशीच उभी राहिले. इतकी गोड गात होती, की त्या क्षणी मला यांचा राग आला नाही. मला स्वतःचीच लाज वाटली. मी घरात गुणगुणते ती आपली भांडी घासता घासता.

ते गाणं संपलं. मधली खरखर झाली. आणि माझाच आवाज आला. "तू कोण आहेस मला माहीत नाही..."

आतलं सगळं थांबलं. मी बोलत राहिले, कॅसेटमधून. "...मला मूल नाही, म्हणून तू असशील..."

मी दार ढकललं.

हे बनियनवर खाटेच्या कडेला बसले होते. समोर स्टुलावर छोटा टेप, बाजूला अर्धा प्यालेला चहा. एक हात हवेत तसाच राहिला होता, बोटं फुलासारखी मिटलेली. दुसरं कुणी नव्हतं. मी दारामागे पाहिलं. मोरीत डोकावले. दोरीवर यांचे दोन शर्ट, कोपऱ्यात मोजणीची साखळी आणि गुंडाळलेले नकाशे.

"ती कुठंय?" मी विचारलं.

"कोण?"

"आत्ता गात होती ती."

यांनी हात खाली घेतला. चेहरा असा झाला की मी आयुष्यात पुन्हा तसा पाहिला नाही. चोरी उघडी पडलेल्याचा नाही. अंगावरचे कपडे कुणी ओढून नेल्यावर होईल तसा.

"मीच," हे म्हणाले.

टेपमध्ये पाचव्या गाण्याचा उरलेला भाग सुरू झाला होता. यांनी तो बंद केला. खालून म्हातारीचा शेंगा फोडल्याचा आवाज येत होता.

"आमच्या घरी उन्हाळ्यात आळीतल्या बायका पापड लाटायला यायच्या," हे शेवटी म्हणाले, खाली बघत. "रेडिओ लागलेला असायचा. मी त्यांच्यात बसायचो, लाट्या करायला. सगळी गाणी पाठ. बायका मला म्हणायला लावायच्या. दहा वर्षांचा असेन. अण्णांनी एकदा पाहिलं. हाताला धरून ओढत नेलं. बायकी गाणी बायकी आवाजात म्हणतोस? दुसऱ्या दिवसापासून बुवांकडे शिकायला. गळा नव्हता त्या गाण्याचा माझा. पण ऐकायला शिकलो. ते खरंच चांगलं आहे. ते खोटं नाही."

"मग लाडांना मिसेससाठी म्हणून का सांगितलंत?"

"काय सांगू? मोजणीवाले साहेब आणि झोपाळ्याचं गाणं?"

दुकानात आठवड्याला दहा पुरुष मला तेच सांगत होते. घरी हवंय. मिसेसची फर्माईश. बहिणीनं आणायला सांगितलीय. काका ते कानांनी ऐकून बाईच्या खात्यात धरत होते आणि मीही धरत होते. एकालाही मी कधी परतून विचारलं नव्हतं.

"नावं तरी लिहायची. गायिकेचं, सिनेमाचं."

"माहीत असतील तर लिहीन ना! मला फक्त चाली माहीत. विचारायचं कुणाला?"

"मला," मी म्हटलं. माझा आवाज चढला. "मला विचारायचं! मी दिवसभर तेच करते. सगळ्या बार्शीला सांगते, तुम्हाला नसतं सांगितलं?"

"तुलाच तर कळू द्यायचं नव्हतं."

"का?"

"वकील हसतात तेव्हा मी हसतो, ते तू बघतेस," हे म्हणाले. "दारात उभी राहून बघतेस. तुला वाटतं हा माणूस मोठा जाणकार आहे. तेवढं तरी राहू दे म्हटलं."

येताना गाडीत मी काय काय ठरवून आले होते. तिला काय बोलायचं, यांना काय बोलायचं, माहेरी कधी जायचं. बाई असती तर भांडता आलं असतं. तिला घालवता तरी आलं असतं, नाहीतर मी निघून गेले असते. पण खोलीत कुणी नव्हतंच आणि तरी माझ्यासाठी जागा नव्हती. यांनी माझ्यापासून चोरून ठेवलं होतं ते दुसऱ्या बाईला नव्हे, स्वतःलाच. त्याचा हेवा कसा करायचा ते मला कळेना, आणि तरी हेवा वाटत होता, तोच सगळ्यात वाईट.

"ते पाचवं गाणं," हे म्हणाले. "तुझ्या बोलण्याखाली गेलं का?"

"सुरुवातीचं गेलं."

"बरं."

सहाच्या गाडीनं आम्ही दोघं बार्शीला परत आलो. हे एका बाकावर, मी दुसऱ्या. उतरताना एवढंच म्हणाले, "रविवारच्या लोकांना नको सांगूस."

मी कुणालाच सांगितलं नाही. पण तिसरी यादी आली नाही. दोन सोमवार, तीन सोमवार. एकदा लाडच म्हणाले, "ते मोजणीवाले साहेब, त्यांनी बंद केलं बघा. टेपच विकला म्हणे. मिसेसची तब्येत बरी नाही का काय कोण जाणे."

"बरी आहे," मी म्हटलं.

लाडांनी चमकून पाहिलं आणि पिशवी उचलली.

घरी रेकॉर्डी पुसल्या जात होत्या, रविवार भरत होते. वकील बायकांच्या गाण्यांवर बोलायचे आणि हे हसायचे, पण आता सगळ्यांच्या शेवटी, आणि हसताना माझ्याकडे बघायचे नाहीत. मी चहा ठेवून लगेच आत जायचे. वैरागला जाणं चालूच होतं. आता मला त्या खोलीत बाई दिसत नव्हती, मुका बसलेला माणूस दिसत होता, आणि त्याला मुका मी केलं होतं. असे तीन महिने गेले.

जूनमध्ये एका शुक्रवारी मी काउंटरच्या गिऱ्हाइकाच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि काकांकडे एक साठ मिनिटांची कोरी कॅसेट मागितली.

"तुला?" काका म्हणाले. त्या दुकानात मी कधी काही विकत घेतलं नव्हतं.

"हो. आणि दुकानातला छोटा टेप दोन दिवस नेते."

कॅसेट मी माझ्या मनानं भरली, यांनी कधी सांगितली नव्हती अशी गाणी. चिठ्ठीवर नावं लिहिली नाहीत. पिशवीत टेप आणि कॅसेट, डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी. वैरागला पोचले तेव्हा हे नुकतेच कामावरून आले होते. दार उघडून मला पाहिलं आणि बाजूला झाले.

"काय झालं?"

"काही नाही. जेवण आणलंय."

आम्ही जेवलो. मग मी टेप स्टुलावर ठेवला, कॅसेट घातली आणि लावली. पहिलं गाणं झालं. हे नखांनी सतरंजीचा दोरा उसवत बसले. दुसरं झालं. मी बघतेय तोवर आवाज निघणार नाही, हे मला कळलं. मी उठले आणि खिडकीशी, यांच्याकडे पाठ करून बसले. खिडकीतून म्हातारीचं माळवद दिसत होतं, त्यावर वाळत घातलेल्या मिरच्या. मी त्या मिरच्यांकडेच बघत राहिले. वळून पाहायचं नाही, असं मनाला बजावलं.

तिसरं गाणं अर्धं होत आलं आणि पाठीमागून तो आवाज आला. आधी नुसता श्वास, मग ओळीचा शेवटचा शब्द, मग सगळी ओळ. बारीक, हळुवार, बायकी. मी खिडकीशी बसूनच तेच गाणं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. दोन ओळींनंतर थांबले.

वीस वर्षं आम्ही तशी बसत आलो. आधी वैरागला, मग बदली झाली तिथे, मग घरी, रविवार सोडून. वळून पाहायला मी कितीतरी दिवसांनी लागले. पण त्या पहिल्या संध्याकाळचं खरं सांगायचं तर माझा हेवा काही गेला नव्हता. यांचा आवाज माझ्यापेक्षा फार गोड होता.